कोणत्या आवाजाला कोणता न्यूरॉन ओ देतो?

पंखा तासभर घरघरत असतो आणि ते तुमच्या गावीही नसतं. कुणीतरी बटण दाबून तो बंद करतं आणि एकदम जाणवतं, अरे, इतका वेळ हा आवाज चालू होता! असताना जो ऐकू आला नाही, तो थांबल्यावर ऐकू आला. कानांनी काही कुचराई केली नव्हती. घरघर चालू होती तोवर ते आपलं टपाल इमानेइतबारे वर पाठवतच होते. वर कुणीतरी मात्र ‘तेच ते’ म्हणून ते बाजूला सारत होतं. या ‘कुणीतरी’मध्ये श्रवण कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या ऐकण्याच्या भागातल्या, चेतापेशींचा (न्यूरॉनचा) मोठा वाटा आहे. या पेशी कोणत्या हाकेला ओ देतात आणि कशाकडे कानाडोळा करतात, या प्रश्नाचं उत्तर एकेकाळी अगदी सोपं वाटत होतं. ते तसं राहिलं नाही.

आधी हाक तिथवर पोचते कशी ते थोडक्यात पाहू. हवेतली थरथर कानाच्या पडद्यावर आदळते, तीन इवल्या हाडांतून आत जाते आणि कॉक्लियात शिरते. कॉक्लिया म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तिच्या आतला पडदा सुरुवातीला अरुंद आणि ताठ असतो, टोकाकडे रुंद आणि सैल होत जातो. त्यामुळे उंच स्वरांनी सुरुवातीची बाजू जास्त हलते आणि खालच्या स्वरांनी टोकाची. ही लाट पडद्यावरून कशी सरकते ते दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 साली नोबेल मिळालं. पडद्यावरच्या सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी या हालचालीचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतात आणि साधारण 30 हजार तंतूंची श्रवणनस ते संकेत वर नेते.

म्हणजे आवाजात कोणती वारंवारता किती आहे, ही फोड कानातच होऊन जाते. पुढे मेंदूच्या देठात काही ठाणी लागतात. तिथे दोन्ही कानांची खबर एकत्र येते, आवाज डावीकडून आला की उजवीकडून याचा हिशेब सुरू होतो. मग थॅलॅमस हे मेंदूच्या मध्यावरचं ठाणं, आणि त्यानंतर कॉर्टेक्स. माणसात हा भाग कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या एका खोल घडीत दडलेल्या वळीवर असतो. रिचर्ड हेश्ल या ऑस्ट्रियन शरीररचनातज्ज्ञाच्या नावाने ती वळी ओळखली जाते. आवाज सुरू झाल्यापासून खबर इथे पोचायला दहा-वीस मिलिसेकंद लागतात.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. प्रश्न असा, की फोड आधीच झालेली असेल, तर कॉर्टेक्सने आणखी करायचं काय?

1942 साली क्लिंटन वूल्सी आणि एडवर्ड वॉल्झल यांनी मांजराच्या कॉक्लियात वेगवेगळ्या जागचे तंतू विजेने चेतवले आणि कॉर्टेक्सवर कुठे प्रतिसाद उमटतो ते टिपलं. कॉक्लियातली जागा बदलली की कॉर्टेक्सवरची जागाही ओळीने बदलत होती. पुढे केसाहून बारीक टोकाच्या तारांनी एकेका पेशीचे विद्युत्स्पंद मोजता येऊ लागले आणि तो नकाशा अधिक स्पष्ट झाला. एका टोकाला खालच्या स्वरांच्या पेशी, दुसऱ्या टोकाला वरच्या, मधे क्रमाने बाकीच्या. पियानोच्या पट्ट्या जणू मेंदूवर मांडून ठेवल्यात.

एकेका पेशीची चाचणी अशी होते. वेगवेगळ्या वारंवारतेचे शुद्ध स्वर एकामागून एक, हळूपासून मोठ्यापर्यंत वाजवायचे आणि पेशी कधी स्पंद सोडते ते मोजायचं. अगदी हळू आवाजालाही जिथे ती ओ देते, तो तिचा खास स्वर. आवाज वाढवत नेला की शेजारच्या स्वरांनाही ती दाद देऊ लागते, त्यामुळे आलेख इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो. पियानोची उपमा या आलेखांवर बेतलेली आहे आणि पाठ्यपुस्तकांतही ती असते. मला ती दिशाभूल करणारी वाटते, कारण पट्टी दाबली की पियानो वाजतोच. कॉर्टेक्समधल्या पेशीचा असा नेम नाही.

पहिली अडचण आवाजाच्या जोराची. आवाज जितका मोठा तितके स्पंद जास्त, असं आपण धरून चालतो. श्रवणनसेत बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण कॉर्टेक्समध्ये अशा अनेक पेशी सापडतात ज्यांना मध्यम आवाजच रुचतो. त्याहून मोठा झाला की त्या गप्प बसतात.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. 2010 साली दोन वेगवेगळ्या गटांनी उंदराच्या कॉर्टेक्समधल्या डझनावारी पेशी एकाच वेळी पाहिल्या. पेशी सक्रिय झाली की तिच्यातला रंग उजळतो आणि सूक्ष्मदर्शकातून ते दिसतं, अशी ही पद्धत. दुरून पाहिलं तर वूल्सी-वॉल्झल यांचा नकाशा जागेवर होता. जवळ जाऊन पाहिलं तर एकमेकींना खेटून असलेल्या दोन पेशींचे खास स्वर बरेच वेगळे निघाले. एखाद्या वस्तीचा सरासरी स्वभाव सांगता येतो, पण दारं ठोठावत गेलं की घरोघरी वेगळी तऱ्हा दिसते, तसं काहीसं. सरासरीचा नकाशा खोटा नाही. फक्त त्यावरून एकेका पेशीबद्दल फार सांगता येत नाही.

तिसरी अडचण भुलीची. जुने बरेचसे प्रयोग भूल दिलेल्या प्राण्यांवर झाले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. स्वर सुरू झाला की पेशी एखाद-दोन स्पंद सोडते आणि मग स्वर चालू असला तरी स्वस्थ बसते. त्यामुळे असा समज रूढ झाला, की श्रवण कॉर्टेक्स आवाजाची फक्त सुरुवात नोंदवतं. याचं एक कारण पेशींच्या जोडणीतही आहे. कॉर्टेक्समधल्या पेशीला चेतवणारा संकेत येतो, आणि त्याच्या पाठोपाठ काही मिलिसेकंदांतच तिला गप्प करणारा संकेतही येतो. 2003 साली मायकेल वेअर आणि अँथनी झॅडर यांनी उंदराच्या जातीतल्या रॅट या प्राण्यात हे मोजून दाखवलं. टाचेचा इशारा मिळताच घोड्याने उसळी घ्यावी आणि तेवढ्यात लगाम खेचला जावा. पेशीला बोलायला मधली चिमूटभर फटच मिळते. त्यामुळे ती जे काही सांगते ते अगदी नेमक्या वेळी सांगते. आवाजाचा क्षण अचूक पकडायला हा लगाम उपयोगी पडतो.

पण मग चालू राहणारा आवाज आपल्याला चालू आहे असं ऐकू येतं, ते कसं? याचं उत्तर जाग्या प्राण्यांत मिळालं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले शियाओचिन वांग आणि त्यांचे सहकारी मार्मोसेट या छोट्या माकडांवर काम करतात. 2005 साली त्यांनी दाखवलं, की जाग्या माकडातली पेशी आवाज संपेपर्यंत स्पंद सोडत राहते, मात्र तो आवाज तिच्या अगदी मनासारखा असेल तरच. जवळपासचा पण नेमका तो नसलेला आवाज मिळाला, तर सुरुवातीला हूं म्हणून ती थांबते. जुन्या प्रयोगांत पेशी लगेच गप्प होत, त्यात भुलीचा हात होताच. पण बऱ्याचदा त्यांना हवं ते ऐकवलंच गेलेलं नसावं, असाही याचा अर्थ निघतो.

हवं ते म्हणजे काय, हे शोधणं मात्र जिकिरीचं आहे. शुद्ध स्वर प्रयोगशाळेत सोयीचा, पण जगात तो क्वचितच भेटतो. बोलणं, पावलं, पानांची सळसळ, कुत्र्याचं भुंकणं, या सगळ्यांत वारंवारता सतत सरकत असते, जोर चढत-उतरत असतो. 1960च्या दशकात व्हिटफील्ड आणि एव्हान्स यांना मांजराच्या कॉर्टेक्समध्ये अशा पेशी सापडल्या, की स्थिर स्वर कितीही वाजवा, ढिम्म. स्वर खालून वर किंवा वरून खाली सरकवला की लगेच प्रतिसाद. काहींना फक्त चढ आवडायचा, काहींना फक्त उतार. संगीतातल्या शब्दांत सांगायचं तर सुट्या स्वराला दाद न देता मींडेला दाद देणाऱ्या या पेशी.

या बाबतीत वटवाघळांनी तर कमालच केली आहे. नोबुओ सुगा यांनी मिशीवाल्या वटवाघळाच्या श्रवण कॉर्टेक्सचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे वटवाघूळ 61 हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं. माणसाच्या कानाची मजल 20 हजारांपर्यंतच. त्याच्या कॉर्टेक्समधला भलामोठा तुकडा या एवढ्याशा पट्ट्यालाच वाहिलेला आहे. आणखी एका भागातल्या पेशी एकट्या आवाजाला जवळपास दाद देत नाहीत, एकट्या प्रतिध्वनीलाही नाही. आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी या दोहोंत ठरावीक अंतर असेल तरच त्या जोरात स्पंद सोडतात. एक मीटरवरच्या किड्याचा प्रतिध्वनी सुमारे सहा मिलिसेकंदांनी परत येतो, म्हणजे सहा मिलिसेकंदांना ओ देणारी पेशी प्रत्यक्षात ‘शिकार मीटरभर दूर आहे’ असं सांगते. या पेशीचा आवडता स्वर कोणता, असं विचारण्यात काही अर्थच उरत नाही.

वेळेचा आणखी एक पैलू आहे. टक, टक, टक असे टोले सावकाश पडत असतील तर कॉर्टेक्समधल्या काही पेशी प्रत्येक टोल्यागणिक स्पंद सोडतात. वेग वाढवत नेला की सेकंदाला काही दशक टोल्यांच्या पुढे त्यांना ताल धरता येत नाही. श्रवणनसेला मात्र सेकंदाला हजारो कंपनांशीही ताल जुळवता येतो. वर येता येता हे कौशल्य हरवतं, म्हणजे कॉर्टेक्स मागे पडलं का? वांग यांच्याच गटाने 2001 साली मार्मोसेटमध्ये दुसऱ्या प्रकारच्या पेशी दाखवल्या. त्या टोले मोजत नाहीत. टोल्यांचा वेग जितका जास्त तितके त्यांचे स्पंद जास्त. पहिल्या पेशी टोल्यांची नक्कल करतात, दुसऱ्या टोल्यांचा वेग कळवतात. गंमत म्हणजे आपल्यालाही मंद टोले सुटे ऐकू येतात आणि वेग वाढला की ते मिसळून एक सलग भरभर किंवा सूर होतो.

सुराचंच एक जुनं कोडं आहे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवरून साधारण 300 हर्ट्झच्या खालचा आवाज जातच नाही. भारदस्त पुरुषी आवाजाची मूळ वारंवारता शंभर-सव्वाशे हर्ट्झ असते. म्हणजे अशा फोनवर ती आपल्यापर्यंत पोचतच नाही, तरी आवाज भारदस्तच वाटतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर येतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू नसलेला मूळ स्वर भरून काढतो. 2005 साली डॅनियल बेंडर आणि वांग यांना मार्मोसेटच्या कॉर्टेक्समध्ये हे करणाऱ्या पेशी सापडल्या. 200 हर्ट्झच्या शुद्ध स्वराला ओ देणारी अशी पेशी, 200 मुळीच नसलेल्या पण 200च्या पटीतल्या उपस्वरांच्या गुच्छालाही ओ देते. ते उपस्वर एकेकटे वाजवले तर बहुधा गप्प राहते. कानाने केलेली फोड इथे पुन्हा सांधली जाते. कॉर्टेक्सने करायचं काय, या मघाच्या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर या पेशींमध्ये आहे.

आवाज कुठून आला याबद्दल थोडंच सांगतो. एका बाजूच्या कॉर्टेक्समधल्या बऱ्याच पेशी विरुद्ध बाजूच्या आवाजाला जास्त दाद देतात, पण स्वरांचा आहे तसा दिशांचा नीटनेटका नकाशा तिथे आढळत नाही. तरीही हा भाग दिशेसाठी लागतोच. 2008 साली स्टीफन लोम्बर आणि श्वेता मल्होत्रा यांनी मांजराच्या श्रवण कॉर्टेक्सचे तुकडे तात्पुरते गार करून बंद पाडले. मागचा एक भाग थंड केला की मांजराला आवाज कुठून आला ते सांगता येईना, पण कोणता आवाज आहे ते ओळखता येई. पुढचा एक भाग थंड केला की नेमकं उलटं.

आता पुन्हा पंख्याकडे. 2003 साली नाखुम उलानोव्स्की, लिओरा लास आणि इस्रायल नेल्कन यांनी मांजराला दोन जवळजवळचे स्वर ऐकवले. एक वारंवार यायचा, दुसरा क्वचित. कॉर्टेक्समधल्या पेशी वारंवार येणाऱ्या स्वराला हळूहळू कंटाळल्यासारख्या झाल्या, पण क्वचित येणाऱ्याला भरघोस दाद देत राहिल्या. मग अदलाबदल केली. जो दुर्मीळ होता तो नेहमीचा केला, नेहमीचा होता तो दुर्मीळ. पेशींची दादही उलटली. त्यामुळे पेशी थकली एवढं म्हणून भागत नाही. थकली असती तर दोन्ही स्वरांना सारखीच थकली असती. अलीकडे काय काय ऐकलं याची काहीतरी नोंद तिच्यात किंवा तिच्याकडे येणाऱ्या जोडण्यांत राहते आणि नवा आवाज त्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. माणसाच्या डोक्यावर तारा लावूनही अनपेक्षित आवाजाची अशी खास लहर टिपता येते. फिनलंडचे रिस्टो नाटानेन यांनी ती 1970च्या दशकात दाखवली होती. ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असलं तरी ती उमटते.

पण पंखा थांबल्यावर तर नवा आवाज येतच नाही, येते शांतता. तिलाही ओ देणाऱ्या पेशी आहेत. आवाज चालू असताना गप्प आणि संपताक्षणी स्पंद सोडणाऱ्या. हा नुसता लगाम सुटल्याचा झटका असेल असं आधी वाटत होतं. 2010 साली वेअर यांच्या गटाने रॅटमध्ये दाखवलं, की आवाजाच्या सुरुवातीची आणि शेवटाची खबर त्याच पेशीकडे वेगवेगळ्या जोडण्यांतून येते. शेवटाची बातमी पोचवायला वेगळी तारच ओढलेली आहे. घरघर थांबली हे तुम्हाला इतक्या चटकन कळतं, त्यामागे ही यंत्रणा असणं साहजिक वाटतं.

स्वतःचा आवाज हे आणखी एक प्रकरण. मार्मोसेट स्वतः ओरडतं तेव्हा त्याच्या श्रवण कॉर्टेक्समधल्या बहुतांश पेशींचे स्पंद कमी होतात, आणि हा उतार तोंडातून आवाज फुटण्याच्या आधीच सुरू होतो. म्हणजे घशाला जो हुकूम गेला, त्याची आगाऊ कुणकुण ऐकणाऱ्या पेशींनाही लागलेली असते. स्टीव्हन एलिएड्स आणि वांग यांनी 2008 साली त्यात एक वळण दाखवलं. माकडाला त्याचाच आवाज सूर बदलून कानात ऐकवला, तर याच दबलेल्या पेशी खडबडून जाग्या होतात. ठरवलं एक आणि निघालं भलतंच, हे ओळखायला अशी व्यवस्था लागतेच.

राहिली लक्षाची गोष्ट, आणि ती खरं तर फार आधीच कुणाच्या तरी ध्यानात आली होती. 1959 साली डेव्हिड ह्यूबल आणि सहकाऱ्यांनी जाग्या, मोकळ्या मांजरांच्या श्रवण कॉर्टेक्समध्ये अशा पेशी नोंदवल्या, की मांजराने आवाजाच्या उगमाकडे लक्ष दिलं तरच त्या प्रतिसाद देत. त्यांनी त्यांना ‘लक्षपेशी’ म्हटलं. ह्यूबल यांना पुढे नोबेल मिळालं ते दृष्टीच्या अभ्यासासाठी, आणि श्रवणाच्या क्षेत्रात अनेक वर्षं भूल दिलेल्या प्राण्यांचे सोयीचे प्रयोगच जास्त होत राहिले.

2003 साली जोनाथन फ्रिट्झ, शिहाब शम्मा आणि सहकाऱ्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला गोंगाटातून एक ठरावीक स्वर ओळखायला शिकवलं. प्राणी कामाला लागला की काही मिनिटांतच पेशींची आवड त्या स्वराच्या बाजूला झुकायची. काही पेशी काम संपल्यावर मूळपदावर यायच्या, काहींमध्ये बदल तासन्‌तास टिकायचा. त्याआधी 1998 साली मायकेल किलगार्ड आणि मायकेल मर्झेनिक यांनी रॅटला एक स्वर ऐकवतानाच मेंदूच्या तळाशी असलेलं, ‘हे महत्त्वाचं आहे’ अशी वर्दी देणारं एक केंद्र विजेने चेतवलं. काही आठवड्यांत त्या स्वराचा कॉर्टेक्सवरचा पट्टा रुंदावला. 1942चा तो नकाशा पक्क्या शाईने काढलेला नव्हता तर.

माणसांत असे प्रयोग करता येत नाहीत, पण अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूवर उपचाराच्या गरजेपोटी काही दिवस तारा ठेवाव्या लागतात आणि त्यांच्या संमतीने तेवढ्यात ऐकण्याची चाचणी घेता येते. 2012 साली कॅलिफोर्नियात नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी अशा व्यक्तींना एकाच स्पीकरमधून दोन माणसांचं बोलणं एकत्र ऐकवलं आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. हेश्लच्या वळीच्या शेजारच्या भागातल्या नोंदींवरून संगणकाने आवाज पुन्हा उभा केला, तर तो जवळजवळ एकाच माणसाचा निघाला, ज्याच्याकडे लक्ष होतं त्याचा. कानात दोघंही सारख्याच जोराने शिरत होते. पेशींनी केलेली ही निवड जिथे ठळक होती, तिथे ऐकणाऱ्याचं उत्तरही बरोबर यायचं, आणि ती पुसट असली की चुकायचं.